खुंटीवरची चिंधी

प्रिय मुंगे,

'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलं, लगेच फुगून बसू नकोस. आधी 'सूनबाई' लिहिलं होतं, मग आठवलं की ते कोर्टाने खोडलंय, म्हणून मीही खोडलं. नाव लिहावं तर तुला नावाने मी कधी हाकच मारली नाही, आता या वयात जीभ वळायची नाही. तेव्हा मुंगीच बरी. तुझ्या पाठीमागे मी तुला हेच म्हणायचे आणि ते तुला ठाऊक होतं. कधी बघावं तर काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली, तेही स्वतःच्या अंगापेक्षा मोठं. हे पत्र पिटुकलीच्या दप्तरात घालून पाठवते आहे. तिला बजावलंय, वाटेत उघडलंस तर कान उपटीन. तिने उघडलं असणारच, तुझीच मुलगी ती. चुकांवर तिने पेन्सिलीने गोल केले असतील तर ते तसेच राहू देत. चौथीत मला शाळेतून काढून घरी बसवलं, त्यानंतर मी जे काही लिहिलं ते बरण्यांवर. हळद, तिखट, मीठ. एवढं लांब पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा हसायचं ते एकदाच हसून घे आणि मग नीट वाच.

मुद्द्याचं आधी सांगते. बागेतला तुझा वाफा अजून तुझाच आहे, पण किती दिवस राहील ते सांगता येत नाही. तळमजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलंय. ती पोटुशी आहे, तो तिच्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरतो. त्यांना बागेत जागा हवी आहे. आपला ड्रायव्हर अजून बागेचा पुढारी आहे. बस सोडून त्याला इतकी वर्षं झाली, पण अजून सगळ्यांना 'पुढे सरका, पुढे सरका' करतो. तो परवा मला म्हणाला, "आजी, तिने वाफ्यात पाऊल ठेवून किती महिने झाले? नियम तुम्हालाही माहीत आहे. ती येणार असेल तर यावी, नाहीतर त्या पोरांना देऊन टाकू." मी म्हटलं, "ती येणार आहे." तो म्हणाला, "तिने सांगितलं?" मी म्हटलं, "मला सांगायला तिला तोंड उघडावं लागत नाही." त्याला काही ते पटलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं.

तुला आठवतं का, ती जागा कशी होती? इमारतींच्या मागे फुटके कमोड, स्प्रिंगा बाहेर आलेल्या गाद्या, एक आख्खी आंघोळीची टाकी, आणि त्यात राहणाऱ्या मांजरी. रविवारी साफ करायला या, म्हणत तू घरोघर बेल वाजवत फिरलीस. लोक दार अर्धं उघडून तुला काही विकायला आलेली समजायचे. मी गॅलरीतून बघायचे आणि म्हणायचे, हिला घरात काम कमी पडतं वाटतं. पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. तू एकटीच त्या टाकीला दोरी बांधून ओढत होतीस आणि ती जागची हलत नव्हती. माझ्या जिवाला ते बघवेना. दया आली म्हणून नव्हे, दोरी चुकीच्या टोकाला बांधली होतीस म्हणून. मी खाली उतरले तर तू घाम पुसत म्हणालीस, "तुम्ही राहू द्या आई, तुम्हाला नाही जमायचं." त्या एका वाक्याने मला पकडलंस, लबाडे. त्या दिवशी आपण दोघींनी ती टाकी फाटकापर्यंत नेली. नंतर चार दिवस मी कण्हत होते आणि तुला कळू नये म्हणून तू कामावर गेल्यावरच कण्हायचे.

पुढच्या रविवारी नर्सबाई आली, मग शिंपी आला, मग ड्रायव्हर आला तो थेट हुकूम सोडतच. प्रत्येकाच्या घरातली भाजीची सालं गोळा करून तू खड्ड्यात टाकायला लागलीस तेव्हा अख्ख्या जिन्याला वास यायचा, आणि वरच्या मजल्यावरचा मास्तर नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आला. तू त्याच्याच हातात फावडं दिलंस. मी मनात म्हटलं, ही बाई एक दिवस पोलिसांनाही खुरपणी करायला लावेल.

वाफे वाटायची वेळ आली तेव्हा भांडणं नकोत म्हणून शिंप्याच्या टाचण्यांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. शेजारी शेजारी ज्यांचे वाफे त्यांची जोडी, एक आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला तर दुसऱ्याने त्याचं पाणी बघायचं, हा नियम तुझ्याच डोक्यातून निघालेला. आणि निघालं काय, तर तुझ्या शेजारी मी! सगळे पोट धरधरून हसले. नर्सबाई म्हणाली, "घरातही सासू, बागेतही सासू, कुठे फेडशील गं?" तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझाही झाला असेल, पण मला काही आरसा दिला नव्हता कुणी.

आणि ती चिंध्यांची युक्ती. ती शिंप्याची. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी एक खुंटी, आणि ज्याने पाणी घातलं त्याने खुंटीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे दुसरा येऊन पुन्हा घालणार नाही. संध्याकाळी फाटक लावणाऱ्याने सगळ्या चिंध्या सोडून डब्यात ठेवायच्या. तेव्हा मी त्याला हसले होते, पण खरं सांगते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळी त्या लाल चिंध्या दिसल्या की मला कळायचं कोण उठलंय, कोण लोळतंय, कुणाचं नवऱ्याशी वाजलंय. तुझी चिंधी रोज सगळ्यात आधी. फक्त ज्या दिवशी घरात तुमच्या दोघांचं काही बोलणं झालेलं असायचं, त्या दिवशी ती उशिरा दिसायची. शेवटी शेवटी रोजच उशिरा दिसायला लागली. मला दिसत होतं. मी काही विचारलं नाही. विचारून तुम्ही काय सांगणार होतात?

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्याची बाजू घेत नाही, तुझीही घेत नाही. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडाचं दार कुठल्या मजल्यावर अडकलंय ते त्याला आजवर सापडलं नाही. त्याच्या बापाचंही असंच होतं. मला सवय होती, तुला नव्हती, आणि तू सवय करून का घ्यावीस? हे मी त्यालाही तोंडावर सांगितलं. तो 'हं' म्हणाला.

घर ठीक आहे. तू असताना माझी स्वयंपाकघरातली कात्री कधी जागेवर सापडायची नाही. पुदिना कापायला ने, दोरी कापायला ने, आणि चिखलाने भरलेली आणून ठेव. मी किती बोलले असेन तुला त्यावरून. आता ती कात्री कायम खिळ्याला टांगलेली असते. हात घातला की सापडते. दुकानात राहत असल्यासारखं वाटतं.

आता लिंबाचं ऐक. आठवतं ना, त्या खोकल्याच्या वेळी तू मला लिंबू पिळून गरम पाणी द्यायचीस आणि बिया एका डब्यातल्या मातीत खोचून ठेवायचीस. मी म्हणायचे, घराचा उकिरडा करतेस. त्यातलं एक उगवलं आणि नियम मोडून तू ते वाफ्याच्या कोपऱ्यात लावलंस. ड्रायव्हर आठवडाभर कुरकुरला, 'वाफ्यात झाड चालणार नाही, एकाला सूट दिली की सगळे चढतील.' तू त्याला म्हणालीस, "काका, हे झाड नाही, उंच भाजी आहे." तर तू गेल्यावर ती तुझी उंच भाजी पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग वरची. मग पानं गळायला लागली. बुंध्याशी हिरवट शेवाळ धरलं. मी रोज बघत होते आणि माझ्या छातीत काहीतरी रुतल्यासारखं व्हायचं, ते ॲसिडिटीचं असेल.

बागेत मला सगळे एकदम गोड बोलायला लागले. माझ्याशी कुणी गोड बोललं की मला संशय येतो. शिंपी माझ्या खुंटीकडे बघायचा, मग तुझ्या रिकाम्या खुंटीकडे बघायचा आणि मान खाली घालून सुईत दोरा ओवायचा, भरदिवसा, हातात सुई नसताना. शेवटी रविवारी सगळे खोक्यांवर बसले असताना नर्सबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "आजी, राग मानू नका. तिच्यावर तुमचा राग असेल, असायलाच हवा. पण तो झाडावर काढायचा का हो? बिचारं तहानेनं मेलं." 

तहानेनं! माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले, गुडघा कडकन वाजला तो सगळ्यांनी ऐकला, आणि म्हटलं, "अगं ए शहाणे, तुम्ही सगळे अंथरुणात असता तेव्हा मी रोज तिच्या वाफ्याला पाणी घालते. रोज! एक दिवस चुकले नाही." ड्रायव्हर म्हणाला, "मग चिंधी का नाही बांधलीत?" काय सांगू त्याला? चिंधी बांधली असती तर उजाडताच अख्ख्या बागेला दिसलं असतं की म्हातारी विरघळली. मी म्हटलं, "माझी मर्जी."

मग नर्सबाईच्या तोंडून हळूच निघालं, "पण पाणी तर मी घालते. ड्यूटीवरून येता येता, घाईत थोडंसंच, ते पुरत नाही वाटलं. चिंधी नसायची ना, म्हणून मला वाटलं तुम्ही मुद्दाम…" आणि तिनेही चिंधी बांधली नव्हती, का, तर मला टोमणा मारल्यासारखं दिसेल म्हणून. तेवढ्यात शिंपी घसा खाकरून म्हणाला, "माझी आपली एकच बादली असायची, दुकान उघडायच्या आधी." ड्रायव्हर आकाशाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काय हो पुढारी, तुम्ही?" तर म्हणे, "दुपारी ऊन फार असतं, म्हणून थोडंसं." मास्तरसुद्धा! नाकाला रुमाल लावणारा मास्तर, तोही मग्याने घालत होता. एकेकाला वाटत होतं की ही कजाग सासू सुनेचं झाड वाळवणार, आणि आपणच काय ते त्याला जगवतोय. कुणी कुणाला बोललं नाही, कुणी चिंधी बांधली नाही, आणि सगळ्यांनी मिळून तुझं लिंबू बुडवलं.

मग सगळ्यांची नजर फाटकाकडे गेली. तिथे माझा मुलगा उभा होता. गळकी तोटी बदलायला म्हणून आलेला, हातात पाना. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मीपण. संध्याकाळी." एवढंच. मुंगे, त्या वर्षभरात चारचौघांत तो बोललेला तो सगळ्यात मोठा मजकूर.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. ड्रायव्हर तर खोक्यावरून खाली पडायचा राहिला. हसता हसता नर्सबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "ते तरी आवर, लिंबाला आधीच पुष्कळ झालंय." 

माझ्या मुलाने त्याच दिवशी फावडं घेतलं. झाडाच्या भोवतीची सगळी ओली माती उपसली, काळी पडलेली मुळं माझी कात्री आणून कापली, खाली विटांचे तुकडे आणि वाळू घातली आणि पाणी वाहून जायला तुझ्या वाफ्यापासून कुंपणापर्यंत चर खणला. अंधार पडेपर्यंत खणत होता. कुणी मदतीला गेलं की 'नको' म्हणायचा. त्याला जे तुला सांगता आलं नाही ते त्याने त्या चरात घातलं असेल, मला काय ठाऊक. मी त्याची वकिली करत नाही. चर मात्र सरळ खणलाय. आणि मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आता त्या झाडाला जो पाणी घालेल त्याचा हात मोडीन. रोज खिडकीत बसून पहारा देते. नर्सबाई येता-जाता माझ्या खिडकीकडे बघून दोन्ही हात वर करून दाखवते, रिकामे आहेत म्हणून.

लिंबू मेलं नाही. पानं जवळजवळ सगळी गेली. मला वाटलं काठीच उरली. पण मागच्या आठवड्यात बुंध्याच्या वर कोवळं, नखाएवढं हिरवं फुटलंय. पिटुकलीने भिंग आणून बघितलं आणि म्हणाली, "आजी, याला काटाही आलाय." मी म्हटलं, येणारच, कुणाच्या हातचं आहे. 

पिटुकली मला तुझं सगळं सांगते. ती तुझ्याकडून आली की मी काही विचारत नाही, फक्त तिची वेणी घालायला बसते, मग ती आपोआप बोलते. तुझ्या नव्या घराला गॅलरी नाही, खिडकीच्या कठड्यावर तू दह्याच्या डब्यांत पालक लावलास आणि तो खालच्या माणसाच्या धुण्यावर पडला. मला हसू आलं आणि मग हसू गेलं. मुंगीला डब्यात ठेवलंय म्हणायचं. बाग इथे आहे, एका बसच्या अंतरावर. तू का येत नाहीस ते मला कळतं. फाटकातून आत आलीस की कोण बघेल, कोण काय विचारेल, तो समोर आला तर काय बोलायचं. आणि मी समोर आले तर काय बोलायचं. बाकीच्यांचं मी बघून घेतलंय. चौकशी करणाऱ्याला खड्ड्यातलं खत उपसायला लावायचं, असं ठरलंय. आणि त्याला मी विचारलं, सरळ विचारलं, की बाबा, तिला बागेत यायचं असेल तर तू काय करशील? तो बराच वेळ तोटीचा वायसर बोटात फिरवत बसला आणि म्हणाला, "सकाळचं मी नाही जाणार. सकाळ तिची." तेव्हा सकाळ तुझी आहे.

तुम्ही दोघांनी पुन्हा एक व्हावं म्हणून हे लिहीत नाही. असं तुझ्या मनात आलं असेल तर काढून टाक. तुमचं तुम्ही जे केलंत ते विचार करून केलंत, आणि तू तिथे रात्री नीट झोपतेस असं पिटुकली म्हणते, इथे झोपत नव्हतीस. मला एवढंच दिसतं. माफी मागायलाही बसले नाही. मी तुला बोलले ते बोलले, तूही काही कमी नव्हतीस. चुकीच्या टोकाला दोरी बांधणाऱ्या बाईला मी गप्प बसून बघणार नव्हते आणि बघणार नाही.

आता का लिहिलं ते. हा गुडघा सोमवारी बदलणार आहेत. डॉक्टर पोरगाच आहे, मला 'माय डिअर' म्हणतो, मी त्याला सांगितलं की आधी गुडघा बघ. नंतर बरेच महिने वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही, खिडकीशी पलंग टाकून पडून राहायचं. माझ्या वाफ्यात घेवडा वर चढतोय, टोमॅटोला आत्ताच काठ्या लागल्यात, त्यांना दोन दिवस पाणी नाही मिळालं तर संपलं. नर्सबाई म्हणाली मी बघते, शिंपी म्हणाला मी बघतो, ड्रायव्हरने तर वेळापत्रकच काढलं. मी सगळ्यांना नको म्हटलं. नियम काय आहे? एक आजारी पडला तर शेजारच्याने बघायचं. तुझाच नियम. माझ्या शेजारी तू आहेस, आणि कोर्टाने काय खोडलं नि काय ठेवलं ते असो, चिठ्ठीत निघालेलं कुणी खोडलेलं नाही. तू नाही आलीस तर दोन्ही वाफे त्या पोटुशीला जातील. पोरगी चांगली आहे, मी हरकत घेणार नाही. पण मी ड्रायव्हरला तू येणार म्हणून सांगून बसले आहे, आणि मी आजवर खोटं बोललेली नाही. तेव्हा मंगळवारपासून ये. कात्री फाटकाच्या आत खिळ्याला टांगून ठेवायला सांगितली आहे, ती ने, चिखलाने भर, काय करायचं ते कर. वर यायची गरज नाही, जिना चढू नकोस, खिडकीकडे बघूही नकोस. माझ्या वाफ्याला पाणी घाल, लिंबाला मुळीच घालू नकोस, आणि जाताना खुंटीला चिंधी बांधायला विसरू नकोस. दवाखान्यातून घरी आले की पलंगावरून मला तेवढी खुंटी दिसेल, मी पडून बघून घेतलंय.

तुझीच,
शेजारच्या वाफ्यातली